मदत हवी आहे: पॅलिओ धरलंय, भाकरीऐवजी काय द्यायचं?

बाळीवेस_सून
यांनी सोमवारपासून पॅलिओ, म्हणजे आदिमानव खायचा म्हणतात तसलं खाणं, चालू केलंय. भाकरी, डाळ, दूध, साखर सगळं बंद. अंडी, चिकन, पालेभाजी तेवढी चालू. डोकं दुखायलंय, पायात गोळे यायलेत, पोट साफ होईना. संध्याकाळी दरदरून घाम येतो. भाकरीच्या जागी काय द्यायचं तेवढं पटकन सांगा. प्रवचन नको.

विजापूररोड७
वय? वजन? कसल्या गोळ्या चालू आहेत का? आणि शेंगदाणा बंद केलात का? तो कडधान्यात मोडतो. म्हणजे शेंगाचटणी गेली, भाजीतलं कूट गेलं, शेंगातेलही गेलं. रश्श्याला येसर लावत असाल तर त्यातही धान्य-डाळ असते.

किटोवाला
पॅलिओ अर्धवट प्रकार आहे. सरळ किटो करा. दिवसाला २० ग्रॅमच्या आत कार्ब (पिष्ट-साखर), तूप-पनीर भरपूर.

विजापूररोड७
भाऊ, किटो विचारलंय कुणी? पॅलिओत पनीर बसत नाही, रताळं बसतं. दोन्ही एकत्र कालवू नका.

बाळीवेस_सून
वय ४६. शुगरच्या गोळ्या आहेत की, त्या चालूच आहेत. त्याचा इथं काय संबंध? आणि कूट नाही घातलं तर रस्सा नुसता पाणी होतो ओ.

आहारतक्ता
ताई, संबंध तिथंच आहे. गोळीचं नाव बघा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात भाकरी असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावते. ७० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ५० ग्रॅम कार्ब असतात. त्या काढल्या नि डोस तोच ठेवला तर घाम फुटणारच.

घाम-थरथर आली की साखरेच्या मीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या वेळी पॅलिओ आडवं आणू नका. डॉक्टरांना आजच फोन करून डोस विचारा. मनानं गोळी सोडू नका. डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी असेल तर साखर ठीक दिसतानाही रक्तात किटोन (चरबी जळून होणारी आम्लं) वाढू शकतात. मळमळ, उलटी, धाप लागली तर थेट दवाखाना.

डोकेदुखी आणि गोळे बहुधा मीठ कमी पडल्याचे. कार्ब घटले की सुरुवातीला लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं. बीपी नसेल तर जेवणातलं मीठ कमी करू नका, आणि सैंधवावर जाऊ नका. दूधही बंद, आयोडीनयुक्त मीठही बंद, मग आयोडीन कुठून येणार?

जेवणात उकडलेलं रताळं १५० ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास कार्ब. रश्श्याला सुकं खोबरं आणि तीळ भाजून वाटा. पोटासाठी दोडका, भेंडी, शेपू वाढवा. ज्वारीबरोबर चोथाही गेलाय. कॅल्शियमला तीळ आणि काट्यासकट खायचे बारीक मासे. राजगिऱ्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, पण त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळं अंगी कमी लागतं.

मंगळवेढेकर
ज्वारी सोडायचीच कशाला? २००९ साली मोझांबिकच्या एका गुहेतल्या दगडी हत्यारांवर रानज्वारीच्या स्टार्चचे कण सापडल्याचं प्रसिद्ध झालंय. लाखभर वर्षं जुनी हत्यारं! आदिमानव धान्य खातच नव्हता हे कुणी सांगितलं?

विजापूररोड७
कण सापडले म्हणून तो रोज चार भाकऱ्या हाणत होता असं होत नाही. पण फायद्याचाही डंका नको. २०१४ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात ७० लठ्ठ महिला होत्या, वय पाळी थांबल्यानंतरचं. एक गट पॅलिओवर, दुसरा तिथल्या नेहमीच्या शिफारशीच्या आहारावर. सहा महिन्यांनी पॅलिओवाल्यांची चरबी जास्त उतरली, दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक उरला नाही. पॅलिओवाल्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र कमीच राहिले.

हुरडाप्रेमी
विषय निघालाच आहे तर, हुरड्याला मालदांडी चालेल का?

मंगळवेढेकर
मालदांडी भाकरीची. हुरड्याला गूळभेंडी नाहीतर सुरती बघा, दाणा गोड आणि कणसातून लगेच सुटतो.

बाळीवेस_सून
पाकिटावर ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० लिहिलंय. डॉक्टर फोन उचलेनात. मीटर आहे, पट्ट्या संपल्यात. कुठल्याही कंपनीच्या चालतात का?

आहारतक्ता
नाही. मीटरच्या मॉडेलच्याच घ्या, डबीवरची तारीख बघा, झाकण घट्ट लावा. दमट झाल्या की आकडा चुकतो. तोवर घाम आला तर आकड्याची वाट न बघता साखर द्या. आज रात्रीच्या गोळीचं मेडिकलवाल्याला विचारू नका, डॉक्टरांच्या दवाखान्यातच जा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.