जँगो: पान बदललं की फिल्टर उडतो, मदत हवी आहे

मंडळी, जँगो (पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ४.२ वर पुस्तकांची यादी केली आहे. वर भाषेचे चेकबॉक्स, खाली पानांचे आकडे. टेम्प्लेटमधल्या यूआरएल टॅगने लिंकचा पाथ नीट बनतो, पण प्रश्नचिन्हापुढचं काही (क्वेरी स्ट्रिंग, म्हणजे निवडलेले फिल्टर आणि पानाचा आकडा) त्यात येत नाही. ‘पुढचं पान’ दाबलं की फिल्टर गायब!

लिंकला जुनी अख्खी क्वेरी स्ट्रिंग जोडून पाहिली, तर पेज=२, त्यामागे पेज=३, मग पेज=४ अशी शेपटी वाढत जाते. जँगो शेवटची किंमत धरतो म्हणून चालतं, पण दिसतं अगदीच गचाळ.

५.१ मध्ये यासाठी क्वेरीस्ट्रिंग टॅग आलाय, पण इतक्यात अपग्रेड शक्य नाही. मग स्वतःचा टेम्प्लेट टॅग लिहून क्वेरीडिक्टच्या (क्वेरी स्ट्रिंगमधल्या किमती ठेवणारा जँगोचा ऑब्जेक्ट) कॉपीत फक्त पेज बदलू, की व्ह्यूमधूनच (पानासाठी डेटा पुरवणारा पायथॉन कोड) तयार स्ट्रिंग पाठवू? मराठी, कोंकणी दोन्ही निवडल्या तर दोन्ही टिकायला हव्यात. कोणी केलंय का असं?