‘शेतकऱ्याची पिकअप डोळे झाकून घ्या’ म्हणे!

जुना_गडी
काल इथं ‘मळेवाला’ यांनी लिहिलं की सेकंडहँड पिकअप घ्यायची तर शेतकऱ्याची घ्या, ट्रान्सपोर्टवाल्याची नको. घरची गाडी, एकहाती, मीटरवर ७० हजार, डोळे झाकून पैसे टाका. खाली अंगठ्यांची रांग. डोळे झाकून घ्यायला तो काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे?

मी २०१९ साली अशीच घरची बोलेरो पिकअप घेतली. २०१४ चं मॉडेल, सव्वा टन माल वाहायची. मालक माळकरी, चहा पाजला, बायकोनं बॉनेटला हळदकुंकू लावून गाडी वाटेला लावली. इंजिन एक नंबर. पावसाळ्यात मागची बॉडी उतरवली तर डाव्या पाट्याच्या (चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वीतभर वेल्डिंग, वर काळा रंग मारलेला. पाटे मोजले, जास्त वजन पेलावं म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा. सव्वा टनाच्या गाडीतून अडीच टन शेणखत ओढलं होतं. मीटर मात्र खरं होतं हो. वाईट त्याचंच वाटतं.

आता मी सकाळी न कळवता जातो आणि आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं की समजायचं, मालकानं उठवून ठेवलीय, गार असताना उठत नसणार. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं तर पिस्टन-रिंगा गेल्या. मग गाडीखाली झोपायचं. कपडे मळतात म्हणून कोणी झोपत नाही, आणि सगळी लबाडी खालीच असते.

मळेवाला
मीच तो. ‘डोळे झाकून’ हा बोलायचा भाग होता, एवढं कळायला हवं. तुम्हाला एक फसवा माणूस भेटला म्हणून सगळे शेतकरी लबाड? ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीवर चार ड्रायव्हर, कुणाचा पाय क्लचवर तर कुणाचा हात गिअरवर कायमचा. सेकंडचा गिअर उडतो तो उगाच नाही.

स्टिअरिंग_सम्राट
आला ड्रायव्हरवर! बावीस वर्षं गाडी चालवतोय. शेठची गाडी दर दहा हजाराला ऑइल पिते, कारण उभी राहिली तर त्याचा दिवस बुडतो. तुमच्या घरच्या गाडीचं ऑइल कधी बदलतात? दसऱ्याला. पूजा करताना आठवलं तर. आणि चालवतो कोण? दहावीतला पोरगा, लायसन नाही, रानातून नुसता आवाज काढत. एक लाख ऐंशी हजार पळालेली रूटची गाडी मी डोळे उघडे ठेवून घेईन, तुमची सत्तर हजारवाली नको.

टोमॅटो_उत्पादक
पाटे वाढवायची हौस कोणाला नसते. आमच्याकडे भाडं क्रेटवर मिळतं. क्रेटमध्ये २० किलो माल, रिकाम्या क्रेटसकट २२ धरा. १७०० किलो माल वाहायच्या गाडीत कायद्यानं ७७ क्रेट बसतात. ७७ क्रेटच्या भाड्यात डिझेल, हमाली आणि हप्ता निघतो का ते कोणीतरी सांगा. म्हणून ११० भरतात.

जुना_गडी
११० म्हणजे २४२० किलो. सातशे किलो जास्त! आणि तीच गाडी उद्या ‘घरची, जपून वापरलेली’ म्हणून विकायची. वा रे जपणूक.

टोमॅटो_उत्पादक
तुम्ही टोमॅटो वीस रुपये किलोनं घ्या, मी ७७ भरतो. बाजारात दोन रुपयांनी घासाघीस करायची आणि इथं आम्हाला वजनाचा हिशोब शिकवायचा.

स्टिअरिंग_सम्राट
घाट उतरताना मागून ११० क्रेट ढकलत असतात तेव्हा ब्रेकवर पाय माझा असतो, काका. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास कधी घेतलाय? पलटी झाली की पहिला प्रश्न ‘ड्रायव्हर पिऊन होता का?’ क्रेट किती होते, हे कोणी विचारत नाही.

टोमॅटो_उत्पादक
मग नाही म्हणायचं ना भरताना!

स्टिअरिंग_सम्राट
नाही म्हटलं की दुसरा ड्रायव्हर बोलावता. बोलायला लावू नका.

कागदपत्रवाले_काका
भांडा खुशाल, पण एक सांगतो. मी २०१७ मध्ये छोटा हत्ती घेतला. इंजिन, पाटे, सगळं मेस्त्रीला दाखवलं. आरसीवर फायनान्सचा बोजा होता, मालक म्हणाला, ‘हप्ते संपलेत, एनओसी आठवड्यात देतो.’ तो आठवडा अकरा महिन्यांचा झाला. फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरल्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपया सोडू नका. परिवहनच्या साइटवर चलनंही बघा. आणि गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी, हे भाव करतानाच धरा.

बीएस_चारच_बरी
एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे धुराच्या नव्या बीएस-सहा नियमाची गाडी खेड्यात घेऊच नये. रान ते डेअरी दोन किलोमीटर पळवायची, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, तापतच नाही, काजळी साचते, दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरला खंडणी.

जुना_गडी
विषय पाट्यांचा चाललाय.

बीएस_चारच_बरी
विषय पिकअपचा आहे. मालकी तुमची नाही.

मळेवाला
बरं, माझीच गोष्ट संपवतो. मी ज्या गाडीवरून ते लिहिलं ती २०१८ ची आहे, साडेपाच लाख सांगतात. काल टोकन द्यायचं होतं. तुमचं वाचून डोकं फिरलं, म्हणून आज सहाला न सांगता गेलो. बॉनेट गार. झाकण जागचं हललं नाही. खाली झोपून आलो, नवी पँट ग्रीसनं बरबाद, तिचे पैसे जुन्या गड्यानं द्यावेत. वेल्डिंग कुठेही नाही. आता बोला!

जुना_गडी
पँटचे देतो. पाटे मोजले?

मळेवाला
दोन्हीकडं सारखे. कंपनीचेच.

जुना_गडी
मग मी चुकलो म्हणा. शंभरात एखादी गाडी निघते तशी. चेसिसला रंग कसला होता?

मळेवाला
काळा. चकचकीत. अजिबात गंज नाही.

स्टिअरिंग_सम्राट
२०१८ ची, शेतात राबलेली, आणि चेसिसला गंज नाही?

जुना_गडी
हाताला लागला का रंग?

मळेवाला
…मला वाटलं ग्रीसच आहे.