उत्तरेची खिडकी, समोर विटकरी भिंत: सासूबाईंच्या खोलीला रंग कोणता द्यावा?

खिडकीवाली

नमस्कार मंडळी. आम्ही कल्याण पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. दसरा झाला की सासूबाईंच्या खोलीला रंग काढायचाय. खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ फूट. खिडकी एकच, उत्तरेला, आणि तिच्या अगदी तोंडासमोर शेजारच्या सोसायटीची भिंत. ती त्यांनी मागच्या वर्षी विटकरी केली. कपाट सागवानी सनमायकाचं, लादी जुनी मोझॅकची. या दोन्हींना हात लावायचा नाही.

आईंना पिस्ता हवाय. माहेरी अलिबागला माजघराला होता म्हणे. नवऱ्याला ग्रे हवाय, कारण त्याच्या मित्राच्या फ्लॅटमध्ये ग्रे "भारी" दिसतो. तो फ्लॅट बाविसाव्या मजल्यावर आहे आणि तीन बाजूंनी उजेड येतो, हे सांगून मी दमले. मला अबोली नाहीतर बदामी. रंगारी म्हणतो, "ताई, ऑफव्हाइट मारून टाका." त्याला उरकायचंय.

शेडकार्डातला पिस्ता भिंतीला चिकटवून पाहिला. सकाळी बरा, दुपारी तीनला मळकट, रात्री ट्यूबलाइटखाली तर काविळीचा पेशंट. तोच कागद हॉलमध्ये गोड दिसतो. असं का होतं?

आणखी एक. आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं जानेवारीत आहे. त्यांना दिसतो तोच रंग आपल्याला दिसतो का?

टवाळ_पोर

ग्रे द्या आणि नवऱ्याला त्याच खोलीत झोपवा. पावसाळ्यात स्वतःच रंगाऱ्याला फोन लावेल.

डबा_आणि_ब्रश

ताई, माझं साताऱ्याला रंगाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. तुमचा पिस्ता निर्दोष आहे, खरी गडबड समोरच्या भिंतीची आहे. तुमच्या खोलीत आभाळाचा उजेड थोडा आणि त्या विटकरी भिंतीवरून उलटलेला जास्त. दुपारी ऊन तिच्यावर पडलं की खोलीत तांबूस उजेड येतो, आणि हिरव्यावर तांबूस पडला की तो मळतो. हॉलला मोकळं आभाळ असणार, म्हणून तिथे तोच कागद खुलतो.

याच हिशोबाने अबोली काढून टाका. आधीच तांबूस उजेड, त्यात अबोली, म्हणजे दुपारभर खोली संतापल्यासारखी दिसेल. बदामी चालेल, पण सागवानी कपाटाशेजारी कपाट कुठे संपतं नि भिंत कुठे सुरू होते ते कळणार नाही. ग्रेबद्दल वर टवाळ बोललाच आहे.

माझं मत: आईंचा पिस्ताच घ्या, पण निळसर झाक असलेला नको. कोवळ्या केळीच्या पानाच्या अंगाने जाणारा, पिवळा जास्त असलेला बघा. बऱ्याच कंपन्या शेडचा एलआरव्ही देतात, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे पांढराशुभ्र. अंधाऱ्या खोलीला मी सत्तरच्या खालची शेड देत नसे. कागदावर जी आवडेल तिच्याहून एक पायरी फिकी घ्या, कारण चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि लावल्यावर तो गडदच वाटतो.

कागदावर मात्र विसंबू नका. दोन फुटी हार्डबोर्डला प्रायमर आणि रंगाचे दोन हात देऊन वाळवा. तो आधी कपाटाशेजारी, मग खिडकीच्या बाजूच्या भिंतीला टेकवा. तिथे सगळ्यात कमी उजेड असतो. जुन्या रंगावर थेट पट्टे मारलेत तर आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. आणि त्याआधी ती ट्यूब बदला! पांढरीफेक, ६५०० केल्विनची असेल. ४००० ची लावून बघा, निम्मी कावीळ तिथेच उतरेल.

चष्मेवाली

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते, म्हणून शेवटच्या प्रश्नापुरतं लिहिते. मोतीबिंदूचं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढलं की बऱ्याच जणांना पांढरं निळसर वाटायला लागतं. आईंना एकेक डोळा झाकून तो हार्डबोर्ड दाखवा, दोन डोळ्यांना दोन रंग दिसले तर घाबरू नका. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने निवडू द्या. जानेवारीनंतर साधारण तसंच दिसेल.

शेडपेक्षा मला दाराची चौकट महत्त्वाची वाटते. ती भिंतीच्या रंगात बुडवू नका. रात्री बाथरूमला उठल्यावर चौकट, बटणांची पाटी, पलंगाची कड भिंतीपासून वेगळी दिसायला हवी. आणि चकाकी नको, मॅटच घ्या.

गिलावा

मॅटला अनुमोदन. चकचकीत रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा खिडकीच्या तिरप्या उजेडात दिसतो.

पण रंगाऱ्यावर एवढा राग का? ऑफव्हाइटला डाग पडला तर हात मारता येतो. पलंगाच्या डोक्याशी तेलाचा डाग पडणारच.

डबा_आणि_ब्रश

गिलावा, वर्षभराने मारलेला हात ऑफव्हाइटमध्येही ठिगळासारखा दिसतो. डागासाठी डोक्याशी लाकडी फळी लावा. शेडचा कोड आणि बेस डब्यावरच्या लेबलवर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

हो, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल आहे का? असेल तर आधी गळती काढा. वरून कुठलाही रंग मारा, पोपडे सुटणारच.

खिडकीवाली

ओल नाही, हात लावून पाहिला. ट्यूब बदलली, आणि नवराच म्हणाला, "अरे, हा तर वेगळाच दिसतोय." ग्रेचा विषय त्याने स्वतःहून काढलेला नाही, मीही काढत नाहीये. हार्डबोर्डवर दोन पिस्ते केलेत. आईंनी पिवळसर निवडला, पण माजघरातला याहून गडद होता असं त्यांचं म्हणणं आहे. चौकट चॉकलेटी करतेय. चार लिटर पुरेल का? रंगारी दहाचा डबा आणायला सांगतोय.

डबा_आणि_ब्रश

घेर बेचाळीस फूट, उंची साडेनऊ, म्हणजे चारशे चौरस फूट. दार-खिडकी वजा करून साडेतीनशेच्या पुढे. लिटरला दोन हातांत शंभर-एकशेदहा चौरस फूट धरा, कंपनी सांगते त्याहून कमीच धरावं. चार लिटर पुरतात. कपाटामागे रंग देणार नसाल तर उरेलही. छताचा पांढरा वेगळा घ्या. दहाच्या डब्यातला उरलेला कोणाच्या घरी जाईल ते रंगाऱ्यालाच विचारा.