चढाला एएमटी गाडी सारखी दुसरा-तिसरा करते आणि गचके मारते, गिअरबॉक्स गेला समजायचं काय?

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. सेकंडहँड एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक) हॅचबॅक घेतलीय, रनिंग ४८ हजार. आप्पांचा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही त्यांना, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक बघून घेतली. बेळगावात फिरताना तशी बरी आहे, पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना मान पुढं जाते तेवढंच. खरं गोव्यास्नं परत येताना केरी सोडून चोर्ल्याचा चढ लागला आणि तिथनं सुरू झालं, तिसरा टाकते, दम तुटला की लगेच दुसरा, इंजिन ओरडतंय, परत तिसरा, आणि प्रत्येक वेळी मधी एक गचका. एका वळणाला पुढं लोड ट्रक अडकलेला, तिथं ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढाला तशीच धरून ठेवली तर थोड्या वेळानं मीटरमध्ये बीप बीप आणि जळका वास. इथं गॅरेजवाल्यानं चालवून न बघताच सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागणार. एवढा खर्च काढायच्या आधी विचारतोय, हा बिघाड आहे की एएमटीचा स्वभावच असा? आणि घाटात डी (ड्राईव्ह) मध्येच ठेवायची की काय करायचं?

उद्यमबागवाला:
भावा, आधी उतरवू नकोस. तू सांगितलंस त्यातलं बहुतेक सगळं एएमटी जशी वागते तसंच आहे.

एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी यंत्रणा, करतो. मारुतीनं २०१४ ला सेलेरियोतनं एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट) आणली तीही हीच पद्धत. मग गिअर बदलताना काय होतं, कॉम्प्युटर आधी इंजिनची ताकद कमी करतो, क्लच सोडवतो, गिअर बदलतो, क्लच परत धरतो. तेवढ्या वेळात चाकाला ओढ नसते, म्हणून मान पुढं जाते. तुझा पाय ॲक्सिलरेटरवर जेवढा दाबलेला तेवढा गचका मोठा. गिअर पडायच्या वेळी पाय जरासा ढिला केला, म्हणजे पूर्ण उचलायचा नाही, जरासाच, तर गिअर गुळगुळीत पडतो. आप्पांना हे एकदा बाजूला बसून दाखव, मोकळ्या रस्त्याला, चार-पाच गिअर पडले की पायाला कळतं.

आता घाटाचं. कॉम्प्युटरला वळण दिसत नाही, पुढचा ट्रक दिसत नाही. त्याला दिसतं ते पाय किती दाबलाय, स्पीड किती, इंजिन किती फिरतंय. तू वळणाला पाय सोडलास की तो म्हणणार ओढ नको आहे, टाक तिसरा. वळण संपलं, परत पाय दाबलास, तिसऱ्यात दम नाही, टाक दुसरा. चोर्ल्याला वळणं एकामागं एक आहेत त्यामुळं हा खेळ संपतच नाही. यावर उपाय सरळ आहे, चढ लागायच्या आधीच लिव्हर एम (मॅन्युअल) मध्ये घे आणि दुसरा धरून ठेव. इंजिनचा आवाज जास्त येईल, येऊ दे, तीन-साडेतीन हजार आरपीएमला पेट्रोल इंजिनचं काही बिघडत नाही. गाडी बंद पडेल म्हणून घाबरायचं कारण नाही, स्पीड फारच पडला तर एम मध्ये असली तरी ती स्वतः खालचा गिअर घेते.

खरं एक गोष्ट मनावर घे, चढाला ॲक्सिलरेटरवर गाडी धरायची नाही. कधीच नाही. तेव्हा क्लच अर्धवट धरलेला असतो आणि प्लेट नुसती घासत राहते. तो वास प्लेटचा होता आणि बीप म्हणजे क्लच तापल्याची वॉर्निंग. थांबायचं तर ब्रेक दाबून किंवा हँडब्रेक ओढून थांब. एकदा वास आला म्हणून प्लेट गेली असं नाही. प्लेट बघायची तर चौथ्यात, थोड्या चढाला, ॲक्सिलरेटर नीट दाब. आरपीएम चढतंय आणि गाडी त्या मानानं पळत नाही असं झालं तर प्लेट घसरायलीय. तसं काही नसेल तर त्या गॅरेजवाल्याला नमस्कार कर आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणी जाऊन क्लचची रीडिंग बघून घे.

निपाणीकर:
वरच्या दादांनी एएमटीचं बरोबर सांगितलंय. मी इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक चालवतो भाड्यावर, ती ६ स्पीडची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, तिची तऱ्हा वेगळी वो. तिच्यात क्लच पेडलवाली प्लेट नसतेच, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधी तेल असतं आणि तेलाच्या जोरावर ओढ जाते. त्यामुळं चढाला हळू चाललं तरी जळका वास नाही, गचका नाही. खरं सगळं ओझं त्या तेलावर. तेल तापून तापून पातळ झालं, काळं झालं की गिअर उशिरा पडायला लागतात, डी टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग धक्का मारून निघते.

तेलाबद्दल लोक म्हणतात लाईफटाईम आहे, बदलायचंच नाही. मला हे पटत नाही. सीझनला तवंदी घाटात उसाचे डबल ट्रॉली ट्रॅक्टर असतात, त्यांच्या मागं एसी लावून, सामान भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणं हा गिअरबॉक्सला साधा वापर नाही. मॅन्युअलमध्ये जड वापराचं वेगळं शेड्यूल दिलेलं असतं, ते बघा. साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या मधी लोक बदलतात. कंपनीनं सांगितलेलंच तेल घालायचं, सीव्हीटी (पट्टा-पुलीवाली ऑटोमॅटिक) असेल तर सीव्हीटीचंच, होंडाला एचसीएफ-२ म्हटलंय तर तेच. एकदा ड्रेन केल्यावर सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच राहतं, म्हणून काही जण थोड्या दिवसांनी परत एकदा ड्रेन करतात. आणि लेव्हल बघायची ती गाडी सपाट जागी, कंपनी सांगते त्या टेम्परेचरला. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते त्यामुळं हे घरी करायचं काम नव्हं.

उतरताना मात्र सगळ्याच ऑटोमॅटिकला एकच नियम, डी वर सोडून नुसता ब्रेकवर उतरू नका. डी मध्ये पाय सोडला की वरचा गिअर पडतो, इंजिन धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. चोर्ल्यावरनं केरीकडं उतरताना दुसरा नाहीतर तिसरा धरा, ब्रेक अधनंमधनं. न्यूट्रल करून उतरणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. पेट्रोल पण वाचत नाही त्यानं, गिअरमध्ये पाय सोडला तर इंजिन तसंही पेट्रोल तोडतं.

अनगोळकर:
लई आभार दोघांचे. आजच चौथ्यात बघितली, आरपीएम आणि स्पीड बरोबर चढतंय, घसरत नाही. आणखी दोन शंका. कपिलेश्वर पुलावर ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडला की गाडी थोडी मागं जाते, आई घाबरते. आणि सकाळी कधी कधी मीटरवर एन (न्यूट्रल) नुसता ब्लिंक होतो, स्टार्टच घेत नाही, दोन-तीनदा चावी फिरवली की मग होते.

उद्यमबागवाला:
एन ब्लिंक होतोय म्हटल्यावर आधी बॅटरी बघ. एएमटीचा पंप करंटवर चालतो, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की झुंईऽ आवाज येतो बघ, तो पंप प्रेशर तयार करत असतो. बॅटरी ढिली असली की तो आवाज दमल्यासारखा येतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला पाहिजे. बाराच्या खाली असेल तर चार्ज करून बघ, उतरतच राहिली तर बदल. बॅटरी ठीक निघाली तर ब्रेक पेडलचा स्विच तपास, मागचे ब्रेकलाईट लागतात का कुणाला तरी बघायला सांग, कारण ब्रेक दाबलाय हे कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो स्टार्ट देत नाही. स्विच स्वस्तातला पार्ट आहे. हे सगळं झाल्यावरच ॲक्च्युएटरचं तेल आणि लीक बघायचं, ते गिअर ऑइलपेक्षा वेगळं असतं, दोन्हीत घोळ करू देऊ नकोस.

पुलावरचं म्हणशील तर हिल होल्ड (चढाला ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसलेल्या एएमटीला ते होणारच. आईंना सांग हँडब्रेक ओढून ठेवा, डी मध्ये ॲक्सिलरेटर हलका दाबा, गाडी पुढं ओढायला लागली की हँडब्रेक सोडा. आणि पार्क करताना, एएमटीला पी (पार्किंगचा गिअर) नसतो ना, तर हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबलेला असतानाच डी मध्ये ठेवून बंद करायची, तोंड उताराकडं असेल तर आर (रिव्हर्स) मध्ये. न्यूट्रलला सोडून नुसत्या हँडब्रेकवर उताराला लावायची नाही. बंद केल्यावर मीटरवर गिअर दिसतोय का तेवढं बघून मगच खाली उतरायला सांग दोघांना.