गरोदरपणात माझं बीपी वाढलं होतं, आता मुलाचं तपासत राहायचं का?

नमस्कार मंडळी,

मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याच्या वेळी आठव्या महिन्यात माझं बीपी १६०/११० वर गेलं, लघवीत प्रोटीन, तोंडावर सूज. लॅबेटॅलॉल या बीपीच्या औषधानेही उतरेना, म्हणून ३४व्या आठवड्यात सिझर केलं. बाळ १ किलो ९०० ग्रॅमचं. आता तब्येत ठणठणीत आहे, पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा त्याच्या बॅटिंगपासून वाचवणं हेच आमचं काम.

माझी बीपीची गोळी चालूच आहे. परवा फिजिशियन म्हणाल्या, "मुलाचं बीपी कधी बघितलंय का?" कधीच नाही! बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तर तिथे मोठ्या माणसांचाच पट्टा. त्या काडीएवढ्या दंडावर तो कोपराखाली घसरत होता, तरी "एकदम नॉर्मल" म्हणून मोकळे. पट्टा मोठा असला की रीडिंग कमी येतं ना?

प्रीएक्लॅम्पसिया (मला झाला तोच, गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) झालेल्या आयांच्या मुलांचं वरचं बीपी सरासरी दोन-तीन पॉइंट जास्त असतं, असं वाचलं. तेवढ्याने मी घाबरत नाही. पण माझ्या वडिलांनाही बीपी आहे, म्हणजे हे गरोदरपणातून आलं की घराण्यातून, कोण सांगणार?

घरी अजून बोलले नाहीये. सासूबाई एकीकडे "किती बारीक, तूप वाढ" म्हणतात, आणि बीपी शब्द ऐकला की त्याचं लोणचं-पापड बंद करतील. खरं तर मला त्या तुपाचीच जास्त धास्ती आहे. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात दिसलंच ना, आपली बाळं वजनाला कमी असली तरी अंगात चरबी बाळगून असतात!

कोथरूड-कर्वेनगर भागात लहान मुलांचा पट्टा कुठे मिळेल? आणि किती दिवसांनी मोजायचं?

प्रतिसाद:
ताई, शंका बरोबर आहे, ते रीडिंग धरू नका. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या नियमावलीनुसार तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा मोजतात. या वयात १२०/८० लावत नाहीत, वय-उंचीचा तक्ता बघतात, म्हणून उंची आधी मोजून घ्या. पाच मिनिटं शांत बसवून, उजव्या हाताला. एकदा जास्त आलं म्हणून लगेच काही ठरत नाही, पुन्हा बोलावतात. मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे सगळ्या मापाचे पट्टे असतात, जाण्याआधी फोन करून विचारा.