अध्यापन सांभाळून सिरॅमिकचे स्वतःचे काम टिकते का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. शिल्पकलेची पदवी घेतल्यावर गेली चार वर्षे मी गच्चीवरच्या खोलीत एक चाक आणि ११०० अंशांपर्यंत तापणारी लहान विद्युत भट्टी घेऊन काम करते आहे. बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे विद्यापीठात शिकवावे, असे मनात आहे. नोकरी लागली की माझी स्वतःची भट्टी थंड पडेल, असे आई-बाबांना वाटते. ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर (निवृत्त अध्यापक, बजाजनगर)

भीती निराधार नाही, पण सिरॅमिक कलावंत ज्योत्स्ना भट्ट यांची कारकीर्द आपण अवश्य पाहावी. बडोद्यात शिल्पकार शंखो चौधुरींच्या हाताखाली शिकून आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियम आर्ट स्कूलमध्ये सिरॅमिकचा अभ्यास करून त्या परतल्या, १९७२ पासून २००२ पर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी शिकवले, आणि त्याच काळात त्यांची मांजरे, घुबडे, कमळे व मंद, मॅट झिलईची (भांड्यावर भाजून चढवलेल्या लेपाची) पात्रेही घडत राहिली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

नोकरीत वेळ जातो तो तासिकांपेक्षा भट्टीपाशी अधिक. विद्यार्थ्यांची भट्टी दिवसभर चढते, आणि उतरताना ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान एकाएकी बदलत असल्याने घाई केली तर भांड्याला चीर जाते. त्यामुळे ती निवेपर्यंत शिक्षकाचे लक्ष तिथेच गुंतलेले असते. मी सुरुवातीची काही वर्षे स्वतःचे काम सुट्टीसाठी राखून ठेवत गेलो, आणि ती सुट्टी म्हणजे नागपूरचा मे महिना, जेव्हा ओली वाटी चाकावरून उतरवताच तिचा काठ सुकू लागतो. ती वर्षे वाया गेल्याची खंत मला आजही आहे. पुढे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक भाजणीत माझ्या झिलईच्या दोन-चार चाचणी-फरश्या (झिलई कशी उतरते ते पाहण्यासाठी मातीचे छोटे तुकडे) ठेवू लागलो, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले.

उत्तर (कुंभारकाम करणारी, महाल)

सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात, आणि सहसा दृश्यकला विषयातील नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही. निव्वळ सिरॅमिकची पदे थोडी असतात, त्यामुळे शिल्पकला शिकवण्याचीही तयारी ठेवावी. बडोद्याला जाण्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा ग्रामोदय संघ ही मातीकामाची संस्था पाहून यावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या विदर्भातच मातीकामाची एवढी मोठी परंपरा आहे आणि आपण ती न पाहता बाहेर पडतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. माझ्या भट्टीत स्टोनवेअर (जास्त उष्णतेवर भाजलेली घट्ट भांडी) होतच नाही, मग घरच्या चाचण्यांचा उपयोग काय?

उत्तर (निवृत्त अध्यापक, बजाजनगर)

स्टोनवेअरला साधारण १२०० ते १२८० अंश लागतात. विद्यापीठाकडून आपल्याला मिळवायची आहे ती ही उष्णता. घरी कच्ची भाजणी (झिलई देण्याआधीची पहिली भाजणी) करावी, मातीचे आकुंचन मोजावे आणि प्रत्येक मिश्रण वजनासह वहीत लिहावे. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना तयार पात्रांबरोबर ती वहीही न्यावी.