ब्रायन अ‍ॅडम्स, या वेळी बँडशिवाय: तुमचे अनुभव लिहा

मिळाली एकदाची तिकिटं! कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स, त्याचा कार्यक्रम आहे, पण नेहमीचा दणदणाटी नाही. 'बेअर बोन्स' नावाने तो अधूनमधून करतो तो. स्वतः, अकूस्टिक गिटार, माउथऑर्गन आणि सोबतीला फार तर एक पियानोवाला. ड्रम नाहीत, बास नाही, आणि कीथ स्कॉटची लीड गिटारही नाही. नवऱ्याने तिकिटं बघून विचारलं, "मग वाजवणार कोण?"

खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहे. माणूस 1959 चा, साठी केव्हाच उलटली. अठराव्या वर्षी व्हँकुव्हरच्या एका वाद्यांच्या दुकानात त्याला जिम व्हॅलन्स भेटला आणि दोघं गाणी लिहायला बसले, ते 1978 साल. तेव्हापासून त्याचा खरखरीत आवाज आपण ऐकतोय तो गिटारींच्या भिंतीला टेकलेला. भिंत काढली तर उभा राहील का? असं एकट्याला कुणी ऐकलंय? नसेल, तर तो तुमच्याकडे पहिल्यांदा कसा आला तेही चालेल.

*

मी ऐकलंय. निर्धास्त जा.

आधी थिएटरबद्दल. खुर्च्या, अंधार, स्टेजवर दोनतीन दिवे. आला, बसलासुद्धा नाही, उभ्याउभ्याच सुरू. मला काय आठवतं सांगू? प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, तारांवर घासल्याचा आवाज. रेकॉर्डवर तो कधीच ऐकू येत नाही. आणि वरच्या सुराआधी घेतलेला श्वास. ज्या ठिकाणी रेकॉर्डमध्ये ड्रम धाडकन येतात तिथे तो बुटाने ठोका द्यायचा आणि अख्खं थिएटर मांड्यांवर हात मारून ती जागा भरायचं. शेजारचे काका तर इतक्या जोरात की मी सरकून बसले. घरी जाऊन मूळ रेकॉर्ड लावली तर गर्दी झाल्यासारखी वाटली. याच दौऱ्यातला लाइव्ह अल्बम 2010 मध्ये निघालाय, पण कार्यक्रमाआधी ऐकू नका.

*

माझा अनुभव लाजिरवाणा आहे. 1984 च्या त्याच्या 'रेकलेस' अल्बमची कॅसेट, पॉज दाबत दाबत 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' वहीत उतरवलं होतं. पहिल्याच ओळीत तो गिटार कुठे घेतो? 'फाइव्ह अँड डाइम'मध्ये, म्हणजे पाच-दहा सेंटवाल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानात. मी लिहिलं 'फाइव्ह अँड टाइम'. पठ्ठ्याने पाच वाजता, वेळेवर जाऊन गिटार घेतली असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. मित्रांना अर्थही समजावून सांगितलाय.

आणखी एक गंमत. 1969 च्या उन्हाळ्यात हा नऊ वर्षांचा होता. बँड, प्रेयसी, लग्न करून गेलेला मित्र, यातलं काय त्या वयात झालं असेल! साल शब्दशः घेऊ नका, असं तो स्वतःच मिश्कीलपणे सांगतो. व्हॅलन्सचं म्हणणं मात्र वेगळं. दोघांनी मिळून लिहिलेलं गाणं आणि अर्थावर एकमत नाही!

*

गिटार शिकवतो. नवीन मुलं आली की हेच गाणं मागतात, आणि मी देतो, कारण कडव्याला डी आणि ए एवढे दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, पुरतात. डी म्हणजे खालच्या तीन तारांवर बोटांचा छोटा त्रिकोण, आठवड्यात बसतो. मुलगा खूश, आईबाप खूश. मग येतो कोरस आणि त्यातला बी मायनर. पहिलं बोट आडवं टाकून तारा दाबायच्या. तारा थडथडतात, मनगट दुखतं, आणि दुसऱ्या आठवड्यात "सर, परीक्षा आहे" असा निरोप येतो. माझ्या हिशेबाने निम्मी गिटारं त्या बी मायनरवर भिंतीला टांगली गेली आहेत.

*

थोडा विरोधी सूर लावतो. मला तो रॉकवाला कधी वाटलाच नाही. 1991 चं ते रॉबिन हूडच्या सिनेमातलं गाणं ब्रिटनमध्ये सलग 16 आठवडे पहिल्या नंबरवर होतं, आणि आमच्या हॉस्टेलवर त्याहून जास्त. रूममेटचा प्रेमभंग झाला होता. रात्री दीडला रिवाइंड, प्ले, रिवाइंड, प्ले. आजही ते लागलं की मी खोलीबाहेर जातो. एकट्याने गायलं तरी जाईन.

*

वरच्यांना एक माहिती, चिडायला अजून कारण मिळेल. तेच गाणं कॅनडात 'कॅनडियन' ठरलं नव्हतं! रेडिओवर ठरावीक टक्के गाणी स्वदेशी वाजवायचा तिथे नियम आहे. संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारांपैकी दोन कॅनडाचे हवेत. याने त्या अल्बमची गाणी मट लँग या परदेशी माणसाबरोबर लिहिली, मुद्रणही बाहेर. राहिला फक्त कलाकार, म्हणजे हा. चारात एक गुण, नापास. बराच गदारोळ झाला आणि नंतर नियम थोडा सैल करावा लागला.

*

मी गाण्यातली नाही, टपाल तिकिटं गोळा करते. माझ्या अल्बममध्ये राणी एलिझाबेथचं कॅनडाचं एक तिकीट आहे, छान हसरं. फोटो 2002 चा, काढणारा ब्रायन अ‍ॅडम्स. मला वाटलं नावाचा दुसरा कोणी. नाही, तोच.

*

साउंड करतो, म्हणून वेगळ्या बाजूने. लोकांना वाटतं एक माणूस, एक गिटार, सोपं काम. बँड असला की चुका झाकल्या जातात. इथे गाणाऱ्याचा श्वास जरी माइकवर आपटला तरी शेवटच्या रांगेत कळतं. अकूस्टिक गिटार पोकळ, आवाज वाढवला की स्पीकरमधला आवाज त्या पोकळीत शिरतो आणि खालच्या सुरांना घूंऽऽ करून फीडबॅक सुरू. त्यासाठी गिटारच्या भोकावर रबराची चकती बसवतात. एकदा एका कार्यक्रमात मी ती चकती घरी विसरलो. पुठ्ठा कापून चिकटपट्टीने लावला. पहिल्या गाण्यातच पुठ्ठा सुटून आत पडला आणि पुढे दीड तास गिटार खुळखुळ्यासारखी वाजत राहिली. गायक सज्जन होता, त्याने त्या तालावर एक गाणं म्हटलं. नंतर मात्र मला परत बोलावलं नाही.

*

2024 च्या डिसेंबरमध्ये शिलाँगला होते. तिथे बँड होता, पण लोकच इतके गात होते की तो मध्येच माइकपासून मागे सरकून नुसता ऐकत उभा राहिला. माझ्या पुढे एक आजी होत्या, त्यांना सगळे शब्द पाठ.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. नवऱ्याला इथलं वाचून दाखवलं. बी मायनरवाला परिच्छेद आला तसा तो उठून आत गेला. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज येतोय. त्या गिटारला चारच तारा उरल्यात, हे मी अजून सांगितलेलं नाही.